तानपुऱ्याची कसोटी

प्रश्न : मी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणारा माणूस. रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास ऐकत बसतो. आजवर फोनबरोबर आलेल्या इअरफोनवर भागवलं. आता पंधरा ते पंचवीस हजारांत ‘ओपन बॅक’ हेडफोन घ्या, असं भाचा सुचवतो. हा प्रकार काय असतो? दुकानात गेल्यावर चांगला-वाईट ओळखायचा कसा? त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतोच का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही रात्री ऐकता, हे आधी लक्षात घेऊ. ओपन बॅक हेडफोनचा आवाज बाहेर सांडतो. शेजारच्या पलंगावर कुणी झोपलं असेल तर त्याला तुमची द्रुत बंदिश बारीक आवाजात का होईना, पण स्पष्ट ऐकू येईल. बाहेरचा आवाजही तितक्याच सहज आत येतो. डोक्यावर पंखा गरगरत असेल तर विलंबितातली हळुवार आलापी त्याच्या घरघरीत बुडते, मग आपण आवाज वाढवतो आणि कानावर उगाच ताण येतो. स्वतंत्र आणि बऱ्यापैकी शांत खोली असेल तरच या प्रकाराकडे वळा. नसेल तर त्याच पैशात चांगला क्लोज्ड बॅक घ्या.

खोली आहे असं धरून पुढे जातो. हेडफोनमध्ये एक पातळ पडदा थरथरतो. त्याच्या पुढच्या बाजूचा आवाज कानात जातो, तसाच मागच्या बाजूलाही आवाज निघतो. क्लोज्ड हेडफोनमध्ये तो मागचा आवाज कपात कोंडला जातो, भिंतींवर आपटून परततो आणि मूळ सुरात थोडा मिसळतो. ओपन बॅकमध्ये कपाच्या पाठीला जाळी असते, तिथून तो निघून जातो. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा असा पहिला हेडफोन बाजारात आणला. पिवळ्याधमक स्पंजच्या गाद्यांमुळे तो लांबूनही ओळखू यायचा. हे तत्त्व समजून घ्यायला दुकानात एक साधी गोष्ट करा. गाणं चालू असताना दोन्ही जाळ्यांवर तळहात अलगद टेकवा. आवाज एकदम कोंडल्यासारखा होईल. हात काढल्यावर जे मोकळं वाटतं, त्याचेच आपण पैसे मोजत असतो.

आता परीक्षा. दुकानदार बहुधा धडाडणारं काहीतरी लावून देतात, तेवढ्यावर विसंबू नका. कसोटी लागते ती आपल्याला प्रत्यक्ष ऐकून माहीत असलेल्या आवाजाची. ख्याल ऐकणाऱ्याला ती आयती मिळाली आहे: तानपुरा. बैठकीला जाणाऱ्याने तो वर्षानुवर्षे समोरून ऐकलेला असतो, आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गायक तोंड उघडण्याआधी थोडा वेळ तो एकटाच वाजत असतो. नेमका तो भाग ऐका.

त्यात काय ऐकायचं? काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्यात खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची, जोडीच्या तारा त्याच्या दुप्पट, म्हणजे १३९ च्या आसपास. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढलेली असते. त्यामुळे तार घोडीच्या उतारावर हलकेच घासत राहते आणि एका स्वरातून वरचे स्वरांश एकामागून एक उमलत जातात. खर्जाचा पाचवा स्वरांश ३४६ हर्ट्झच्या सुमाराला येतो. तोच तो स्वयंभू गंधार, कुणी न छेडता ऐकू येणारा. चांगल्या हेडफोनमध्ये तो शोधावा लागत नाही, तारांच्या मधून आपोआप वर येतो. हेडफोनचा मधला पट्टा दबलेला असेल तर तानपुरा नुसता गुणगुणतो, गंधार येत नाही. वरचा पट्टा उचललेला असेल तर जवारीची झळाळी जाऊन तिथे पत्र्यासारखी चरचर येते. हे दोन्ही दोष काही मिनिटांत कळतात. फोनमधल्या अ‍ॅपचा तानपुरा मात्र यासाठी वापरू नका. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याचा, माणसाने छेडलेला आवाज असलेलं ध्वनिमुद्रण घ्या.

खालच्या सुरांची परीक्षा तानपुऱ्यावर होत नाही, हे ध्यानात असू द्या. वरचे स्वरांश नीट पोचले की मूळ खर्ज क्षीण असला तरी आपला मेंदू तो भरून काढतो आणि खर्ज ऐकू आल्यासारखं वाटतं. खालच्या सुरांसाठी डग्गा ऐका. मनगटाने दाब देऊन घुमारा वर नेताना तो सलग चढतो का, की अध्येमध्ये पोकळ होतो? ओपन बॅकची दुबळी बाजू इथेच आहे. मागून हवा मोकळी असल्यामुळे अगदी खालच्या सुरांचा दाब साठत नाही, आणि नेहमीच्या डायनॅमिक प्रकारात तळ थोडा उतरतो. प्लेनार मॅग्नेटिक प्रकारात पूर्ण पडद्यावर तारांची नक्षी असते आणि पडदा चुंबकांच्या मधे हलतो. त्याचा तळ बहुधा जास्त खोल जातो. डग्ग्याबरोबर तबल्याची चाटही ऐका. ‘ना’चा ठोका सुटा, कोरडा आणि झटकन संपणारा हवा.

दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी एका पातळीवर आणा. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा कानाला हमखास ‘सरस’ वाटतो, आणि कितीतरी लोक त्या भुलीत चुकीचा घेऊन येतात. तानपुरा दोन्हींत सारखाच मोठा वाटेपर्यंत आवाज खालीवर करा, मगच गाण्याकडे वळा. ती पातळीही तुमच्या रात्रीच्या ऐकण्याची ठेवा. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज हळू केला की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त कमी झाल्यासारखे वाटतात. दुकानात मोठ्याने ऐकून पसंत केलेला हेडफोन घरी हळू आवाजात फिका वाटतो, त्याचं हे एक कारण.

नाट्यसंगीताबद्दल एक सांगतो. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांमध्ये अगदी वरच्या पट्ट्यात गाणं जवळजवळ नसतंच, तिथे सुईची खरखर असते. वरचे सूर चढवणारा हेडफोन ती खरखरच मोठी करून ऐकवतो. शिवाय ही ध्वनिमुद्रणं मोनो असल्यामुळे आवाज डोक्याच्या मधोमध बसतो. ‘ओपन बॅकमध्ये रंगमंच डोळ्यांपुढे उभा राहतो’ असं जे म्हणतात, ते इथे होणार नाही, कितीही महागडा घेतला तरी.

आता नावं. तुमच्या आवडीच्या गाण्याला सेनहायझरचा एचडी ६०० मला सगळ्यांत जवळचा वाटतो. १९९७ पासून तो बाजारात आहे, गायकाचा गळा त्यात जसाच्या तसा समोर येतो आणि गंधारही. त्याचा तळ मात्र डग्ग्यासाठी थोडा हलका आहे. घेण्याआधी चालू भाव बघा, तो सतत बदलतो. त्याच कंपनीचा एचडी ५६०एस खालच्या सुरांत जास्त भरीव आहे आणि वर थोडा उजळ. हायफायमॅनचा एचई४००एसई हा प्लेनार स्वस्तात चांगला तळ देतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो स्टुडिओत नावाजलेला असला तरी तुम्हाला मी सुचवणार नाही. वरच्या सुरांची त्याची धार स-श वर टोचते, आणि जुन्या तबकड्यांवर तर ती सहन होत नाही. हे माझ्या कानांचं मत आहे. तानपुरा लावून तुम्ही स्वतः ताडून पाहा.

कोणता सूर किती मोठा वाजतो हे दाखवणारे या सगळ्यांचे आलेख इंटरनेटवर मिळतात. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या संशोधनातून आलेली हरमन कंपनीची लक्ष्यरेषा, म्हणजे बहुतेक श्रोत्यांना आवडणाऱ्या आवाजाची रेषा, त्यांत तुलनेसाठी बहुतेकदा दिसते. ठळक दोष टिपायला आलेख उपयोगी पडतात, पण अगदी वरच्या पट्ट्यातला प्रत्येक खड्डा मनावर घेऊ नका. ती मापं कृत्रिम कानावर घेतात आणि तिथे प्रत्येकाचा कान वेगळा वागतो.

अ‍ॅम्प्लिफायरचं उत्तर आकड्यांत आहे. एचडी ६०० चा अवरोध ३०० ओहम आहे, आणि त्याला १ व्होल्ट दिला तर तो ९७ डेसिबलपर्यंत वाजतो. एचई४००एसई २५ ओहमचा आहे, १ मिलिवॅटला ९१ डेसिबल. १ व्होल्टला त्याच्यात ४० मिलिवॅट जातात, म्हणजे सुमारे १०७ डेसिबल. एकाला व्होल्टेज हवं, दुसऱ्याला विद्युतप्रवाह. नुसते ओहम पाहून ‘हा चालवायला अवघड’ असं ठरवता येत नाही ते यामुळेच. ख्यालाची ध्वनिमुद्रणं सिनेगीतांपेक्षा हळू पातळीवर असतात. तिहाई किंवा गमकेची तान चढली तरी आवाज फाटू नये, म्हणून वर थोडी जागा शिल्लक लागते. तरीही रात्री, शांत खोलीत, फोनला लावायचं बऱ्यापैकी डोंगल पुष्कळदा पुरतं. आधी हेडफोन घ्या आणि महिनाभर ऐका. आवाजाची कळ शेवटपर्यंत नेऊनही आलापी बारीक वाटली, तर तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर आणा.

कळ शेवटपर्यंत नेण्याची सवय मात्र नको. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते.

चष्मा असेल तर तो लावूनच हेडफोन घालून पाहा. काडीमुळे गादीखाली फट राहते आणि डग्गा हलका होतो. पकड कानाला दुखते का, हे कळायला किमान अर्धा तास डोक्यावर राहू द्या. गाद्या मखमली असतील तर उत्तम, आपल्याकडच्या दमट हवेत रेक्झिनच्या गाद्या लवकर सोलतात. सुट्या गाद्या आणि वायर मिळते का तेही विचारा. एचडी ६०० चे जवळपास सगळे भाग बदलता येतात, जुन्या डीटी ९९० प्रोची वायर मात्र कपात कायमची जोडलेली असते. ऑनलाइन घेणार असाल तर खोकं उघडून, वापरून परत करता येतं का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.