वशिल्याची तट्टं?

प्रश्न : साठच्या दशकातल्या ‘पीटर अँड गॉर्डन’ या इंग्लिश जोडीची गाणी अलीकडेच ऐकली. ती बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीची आहेत असं कळलं. त्याची गाणी यांच्या हाती कशी लागली? आणि पुढे ही जोडी गेली कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नात न विचारलेला एक प्रश्न लपलाय : ही वशिल्याची तट्टं होती का? थोडीशी होतीच. पीटर ॲशरची बहीण जेन ही अभिनेत्री. तिचं आणि मॅकार्टनीचं जमलं, आणि 1963च्या अखेरीस पॉल ॲशर कुटुंबाच्या लंडनमधल्या विंपोल स्ट्रीटवरच्या घरीच राहायला आला. त्याची खोली वरच्या मजल्यावर, पीटरच्या खोलीला लागून. घरही नामी होतं. वडील रिचर्ड ॲशर डॉक्टर. लक्ष वेधण्यासाठी आजाराचं सोंग घेण्याच्या विकाराला ‘मुंखहाउझन’ हे नाव त्यांनीच दिलं. आई ओबो हे वाद्य शिकवायची, आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन एकेकाळी तिचे विद्यार्थी होते.

पीटर आणि गॉर्डन वॉलर हे वेस्टमिन्स्टर शाळेतले दोस्त. क्लबात गाताना ईएमआय कंपनीच्या नॉर्मन न्यूएलनं त्यांना ऐकलं आणि करार झाला. आता गाणं हवं. पीटरला शेजारच्या खोलीत ऐकलेलं एक अर्धवट गाणं आठवलं. पॉलनं ते पोरवयात रचलं होतं. त्याच्या पहिल्याच शब्दांवर जॉन लेननला हसू यायचं, त्यामुळे बीटल्सनं ते बाजूला टाकलेलं. बिली जे. क्रेमर या गायकानंही नाकारलेलं. पीटरनं पॉलच्या मागे लागून मधलं कडवं पुरं करून घेतलं. तेच ‘अ वर्ल्ड विदाउट लव्ह’. एप्रिल 1964मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही बीटल्सच्याच ‘कान्ट बाय मी लव्ह’ला खाली ढकलून! जूनमध्ये अमेरिकेतही पहिलं.

गाणं उधारीचं असलं तरी आवाज त्यांचेच होते. गॉर्डनचा भरदार, खालच्या पट्टीतला. पीटरचा वर तरंगणारा. मला विचाराल तर गळा खरा गॉर्डनचा. डेल शॅननचं ‘आय गो टू पीसेस’ आणि बडी हॉलीचं ‘ट्रू लव्ह वेज’ यांनीही त्यांना यश दिलं, आणि त्यात मॅकार्टनीचा काही हात नव्हता.

वशिल्याची शंका खुद्द मॅकार्टनीलाही सतावत होती, अर्थात स्वतःबद्दल. गाणी चालतात ती चांगली म्हणून की आपल्या नावावर? 1966मध्ये त्यानं ‘वूमन’ हे गाणं या दोघांना ‘बर्नार्ड वेब’ या खोट्या नावानं दिलं. अमेरिकेत ते चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं, ब्रिटनमध्ये अठ्ठाविसाव्यावर थांबलं. म्हणजे नावाशिवायही चाललं, पण धावलं नाही.

1968मध्ये जोडी फुटली. पीटर बीटल्सच्या ॲपल कंपनीत नवे कलाकार हेरण्याच्या कामाला लागला आणि त्यानं जेम्स टेलर नावाचा एक अनोळखी अमेरिकन पोरगा उचलला. पुढे पीटर अमेरिकेला गेला, टेलरचा व्यवस्थापक आणि निर्माता झाला, मग लिंडा रॉनस्टॅटचाही. वर्षातल्या सर्वोत्तम निर्मात्याचं ग्रॅमी त्याला दोनदा मिळालं. रेकॉर्डिंग स्टुडिओतल्या काचेआड बसण्यात तो गाण्यापेक्षा मोठा ठरला.

गॉर्डनला तशी दुसरी इनिंग लाभली नाही. त्याचा 1972चा एकट्याचा अल्बम फारसा चालला नाही. त्याचं नाव होतं ‘...अँड गॉर्डन’, पहिलं नाव गाळलेलं. ‘जोसेफ’ या संगीतिकेत त्यानं एल्विसच्या ढंगात गाणारा फारो रंगवला, हे मात्र त्याच्या गळ्याला साजेसंच. 2005मध्ये माईक स्मिथ या जायबंदी गायक-मित्राच्या मदतीसाठी न्यूयॉर्कला झालेल्या कार्यक्रमात दोघं पुन्हा एकत्र उभे राहिले. त्यानंतर अधूनमधून गात राहिले, 2009च्या जुलैत गॉर्डन गेला तोवर.