‘एलिझाबेथ एकादशी’ पुन्हा पाहताना



परेश मोकाशी यांनी दिग्दर्शित केलेला ‘एलिझाबेथ एकादशी’ १४ नोव्हेंबर २०१४ रोजी, बालदिनी, प्रदर्शित झाला. पुढे त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेव्हा आम्ही शाळेत होतो. परवा काही जणांनी मिळून तो पुन्हा पाहिला.

कथा पंढरपूरची आहे. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात असल्यामुळे ते गाव आपल्याला परके नाही. ज्ञानेश आणि झेंडू या भावंडांचे वडील वारलेले आहेत. त्यांनी बनवलेली सायकल म्हणजेच ‘एलिझाबेथ’. आई यंत्रावर स्वेटर विणून घर चालवते. हप्ते थकतात, यंत्र जप्त होते. ते सोडवायला पाच हजार रुपये हवेत, म्हणून सायकल विकायची वेळ येते. ती वाचवण्यासाठी मुले कार्तिकी यात्रेत, आईच्या नकळत, बांगड्यांचे दुकान मांडतात.

लहानपणी आम्हाला एवढेच दिसले होते: सायकल, यात्रेतली धावपळ, मुलांची हुशारी. सायकल विकायला निघालेल्या आईचा तर आम्हाला रागच आला होता. या वेळी मात्र डोळ्यांत भरले ते जप्त झालेले यंत्र आणि आईचा चेहरा. नवऱ्याच्या हातची वस्तू विकताना तिला काय वाटले असेल?

मग आमचीच घरे आठवली. २०१४ आणि २०१५ ही मराठवाड्यात सलग दुष्काळाची वर्षे. कोणाच्या गोठ्यातली गाय गेली, कोणाच्या आईच्या कानातले गेले. विचारले तर उत्तर मिळे, “तू अभ्यास कर.” आणि आम्ही नव्या बुटांसाठी रुसून बसत होतो.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, मुलांना घराची अडचण कळते; आपण सांगितली नाही तर ती आपल्या परीने, लपून, मार्ग शोधतात. त्यांनी कमवावे असे आम्ही म्हणत नाही, पण त्यांना खरे सांगावे. दुसरी, आईवडिलांनी तेव्हा काय सोसले, हे विचारायला उशीर करू नये.

घरी बोलण्यासाठी प्रश्न :
१. आपल्या घरातील कोणती अडचण आपण मुलांपासून लपवतो?
२. आपल्यासाठी आईवडिलांनी काय विकले, हे आपण कधी विचारले आहे का?