इन्सुलिन घरी टोचून घेताना

मधुमेहाच्या अनेक रुग्णांना डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात आणि ते घरच्या घरीच टोचून घ्यावे लागते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम देण्यात आले. तोपर्यंत अशा मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस काढण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. इन्सुलिन सुरू झाले म्हणजे आता शेवट आला, असे म्हणणारे आजही भेटतात. ही भीती आम्हांस अनाठायी वाटते. भ्यायचेच तर आकड्यांच्या चुकीला भ्यावे.

आमच्या एका सभासद भगिनीच्या आईंना रोज सकाळी २० युनिट सांगितले होते. महिना उलटला तरी साखर उतरेना, म्हणून मात्रा ३० झाली. पुढे मुलाने दुसऱ्या दुकानातून सिरिंज आणली आणि त्याच दिवशी आईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, त्या असंबद्ध बोलू लागल्या. औषध तेच, मात्रा तीच. मग बिघडले कोठे?

आपल्याकडे मिळणाऱ्या इन्सुलिनच्या बाटलीवर बहुधा ४० हा आकडा असतो. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजवर बहुधा १०० असतो. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : लाल टोपणाची ४० ची, नारिंगी टोपणाची १०० ची. आईंची जुनी सिरिंज १०० ची होती. तिच्या २० च्या रेघेपर्यंत ०.२ मिलिलिटर औषध येते. ४० च्या बाटलीतले ते भरते फक्त ८ युनिट. मात्रा ३० केल्यावरही पोटात जात होते १२ च. नवी सिरिंज योग्य, ४० ची होती. त्या दिवशी प्रथमच पूर्ण ३० युनिट गेले, आदल्या दिवसाच्या अडीचपट! विद्यार्थी मित्रांनी हे गणित वहीत मांडून पाहावे आणि घरी कोणी इन्सुलिन घेत असल्यास बाटली व सिरिंज शेजारी ठेवून दोन्ही आकडे वाचावेत. नुसत्या रंगावर विसंबू नये. पेनच्या कार्ट्रिजमधील औषध तर सिरिंजने ओढूच नये.

आई शुद्धीवर होत्या म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजता आली. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास तेवढीच पुन्हा द्यावी आणि नंतर जेवू घालावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

टोचण्याची जागा पोटावर, बेंबीपासून दोन बोटे सोडून, किंवा मांडीवर असावी व ती रोज थोडी बदलावी. एकाच जागी टोचून गाठ येते. तेथे दुखत नाही म्हणून लोक नेमके तेथेच टोचतात, पण गाठीतून औषध नीट शोषले जात नाही. दुधाळ दिसणारे इन्सुलिन तळहातांत हलके फिरवून घ्यावे, जोराने हलवू नये. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात मात्र नव्हे. गोठलेले औषध वाया गेले असे समजावे. फ्रीज नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीतल्या ओल्या मडक्यात ठेवावी. आपली सुई-सिरिंज दुसऱ्या कोणालाही देऊ नये. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवाव्यात. उघड्या कचऱ्यातली सुई कोणाच्या हातात घुसते, हे आपल्या वस्तीत सांगायला नको.

पौर्णिमेला उपोसथ पाळून दुपारनंतर न जेवणाऱ्यांनी, संध्याकाळी इन्सुलिन घ्यावयाचे असल्यास, आधीच डॉक्टरांना विचारावे. टोचून घेऊन उपाशी राहणे धोक्याचे, आणि आपल्या मनाने औषध बंद करणेही तितकेच. लहानपणी मधुमेह जडलेल्यांच्या ते जिवावर बेतू शकते.

त्या आईंची मात्रा डॉक्टरांनी पुन्हा नव्याने ठरवून दिली. आता सिरिंज आणायला जाताना त्यांचा नातू इन्सुलिनची रिकामी बाटली खिशात घालून नेतो व दुकानदारासमोर आकडा जुळवूनच पैसे देतो.