वेळेवर पोहोचण्याचे गणित

ग्रामसभा अकराची असली, की अकरालाच घरून निघणारे ग्रामस्थ नांदेड-लातूरकडे नवे नाहीत. १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असतील तितके मतदार न जमल्यास सभा तहकूब होते. वेळेवर आलेल्या शेतमजुराचा रोज बुडतो; शिवाय तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसल्याने मूठभर लोक गावाचा निर्णय करतात.

उशिरा येणारा बहुधा आळशी नसतो. आपल्याच कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो, हे काहनेमन व ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले. म्हणून आठवडाभर निघण्या-पोहोचण्याच्या वेळा टिपाव्यात, वाटेतल्या चहासकट. सर्वांत अधिक लागलेला वेळ मागे मोजून गजर निघण्याचा लावावा, सभेचा नव्हे. घड्याळ पुढे करणे व्यर्थ; मन ती दहा मिनिटे वजा करतेच. सचिवांनीही हजेरीची नोंदवही ठरल्या वेळी उघडावी.