घटक ६ : पदवीनंतरची दिशा – अनिश्चिततेतून निर्णयाकडे

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
– मराठी विषयाच्या पदवीनंतर खुल्या असलेल्या प्रमुख मार्गांचे स्वरूप सांगता येईल;
– एखाद्या मार्गाची पारख कोणत्या प्रश्नांच्या आधारे करावी, हे स्पष्ट करता येईल;
– स्वतःसाठी मुदतीसह एक लेखी आराखडा तयार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण व्यावहारिक मराठीच्या विविध रूपांचा परिचय करून घेतला. या घटकात त्या भाषेच्या आधारे पुढील वाट शोधणाऱ्या व्यक्तीचा, म्हणजे तुमचाच, विचार करायचा आहे.

‘मराठी घेऊन बी.ए. केले, आता पुढे काय?’ हा प्रश्न तुम्हाला घरच्यांनी, नातेवाइकांनी किंवा कामावरच्या सहकाऱ्यांनी कधी ना कधी विचारला असेल. दूरशिक्षणाने शिकणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. नोकरी, शेती, दुकान, मुलेबाळे हे सारे सांभाळून तुम्ही अभ्यास करता. त्यामुळे चुकीच्या वाटेवर गेलेली दोन वर्षे तुम्हाला परवडत नाहीत. आणि नेमके याच भीतीमुळे अनेक जण कोणतीच वाट धरत नाहीत.

दिशा ठरलेली नसणे हा दोष मानण्याचे कारण नाही. विशी-पंचविशीत, आणि पुष्कळदा त्यानंतरही, ती अवस्था स्वाभाविक असते. मात्र या अवस्थेला मुदत नसेल, तर तिची किंमत आयुष्यातील वर्षांनी मोजावी लागते. या घटकाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ दिशा कशी घडते?

आपली आवड आधी सापडते आणि मग काम मिळते, असा एक समज रूढ आहे. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत कामे करता करताच आवड स्पष्ट होत जाते. तुमच्या परिचयाच्या दोन साहित्यिकांकडे या दृष्टीने पाहा.

वि. वा. शिरवाडकर यांनी पदवीनंतर काही काळ चित्रपट व्यवसायात काम केले आणि पुढे निरनिराळ्या नियतकालिकांच्या संपादन विभागांत ते वावरले. ‘विशाखा’ हा त्यांचा गाजलेला संग्रह १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली आणि नंतर ते शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ मध्ये, तर ‘माझे विद्यापीठ’ १९६६ मध्ये आला. कामगारवस्तीतील जगणे आणि चाकरी यांतूनच त्यांच्या कवितेला विषय मिळाले.

ही दोन्ही नावे असामान्य आहेत. धडपड केली की प्रत्येकाला असे यश मिळते, असा निष्कर्ष त्यांवरून काढता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की उपजीविकेचे काम आणि मनाजोगे काम ही सुरुवातीपासून एकच असावी लागतात, असे नाही. पहिले काम दुसऱ्याला वेळ, पैसा किंवा अनुभव पुरवू शकते. म्हणून ‘मला नेमके काय आवडते?’ या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळेपर्यंत थांबून राहण्याची आवश्यकता नाही.

६.२.२ समोरचे प्रमुख मार्ग

(अ) अध्यापन : माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठी पदवीनंतर दोन वर्षांचा बी.एड. अभ्यासक्रम करावा लागतो. उच्च प्राथमिक वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही आवश्यक असते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी सामान्यतः एम.ए. पदवी किमान ५५ टक्के गुणांनी (राखीव प्रवर्गांसाठी सवलतीसह) आणि नेट किंवा सेट परीक्षेतील पात्रता लागते. पात्रता मिळवणे उमेदवाराच्या हाती असते. पदभरती केव्हा निघेल, हे त्याच्या हाती नसते. हा फरक लक्षात ठेवावा.

(आ) स्पर्धा परीक्षा : राज्यसेवा आणि केंद्रीय नागरी सेवा या परीक्षांना कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते, मुक्त विद्यापीठाच्या पदवीधरांनाही त्या देता येतात. केंद्रीय नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो. त्याच्या प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. या परीक्षेस खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३२ वर्षे आणि सहा प्रयत्न अशी मर्यादा आहे. राज्यसेवेसाठी महाराष्ट्रात कमाल वयोमर्यादा सामान्यतः खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे आहे. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची जाहिरात मुळातून वाचावी.

(इ) भाषेवर आधारित व्यवसाय : अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन, उपशीर्षके आणि जाहिरातींचे लेखन ही कामे या गटात येतात. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे. त्यामुळे शासकीय कार्यालये आणि न्यायालये यांना अनुवादकांची गरज भासते. भाषा संचालनालय हे शासनाचे या क्षेत्रातील प्रमुख कार्यालय आहे. या कामासाठी मराठीइतकेच इंग्रजीचे किंवा हिंदीचे ज्ञान पक्के असावे लागते.

(ई) प्रसारमाध्यमे व ग्रंथालये : वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या, आकाशवाणीवरील निवेदन आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मिळणारी कामे येथे मोडतात.

६.२.३ पारख करणारे तीन प्रश्न

मार्ग निवडताना ‘स्कोप कशाला आहे?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलते. त्याऐवजी पुढील तीन प्रश्न प्रत्येक मार्गाला लावून पाहा.

१. या कामाचा एक साधा दिवस कसा असतो? पदाची प्रतिष्ठा क्षणभर बाजूला ठेवा. मुद्रितशोधकाला तासन्तास ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हे तपासावी लागतात. शिक्षकाला तोच पाठ एकाच दिवशी दोन तुकड्यांना शिकवावा लागतो. तो साधा दिवस तुम्हाला सोसवेल का?

२. तेथे पोहोचण्यास किती वर्षे आणि किती पैसा लागेल, आणि तोवर घर कसे चालेल? शुल्काबरोबर बुडणारी मिळकत, प्रवास आणि खोलीभाडे हेही हिशेबात धरा.

३. मध्येच थांबावे लागले, तर हाती काय उरेल? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. परंतु तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बी.एड. पूर्ण केले आणि नोकरी लांबली, तरी पात्रता हाती राहते. अनुवादाची दहा कामे केली, तर दाखवण्यासाठी दहा नमुने राहतात. स्पर्धा परीक्षेच्या तयारीतून ज्ञान वाढते हे खरे. पण निवड न झाल्यास दाखवण्यासारखे प्रमाणपत्र क्वचितच उरते. याचा अर्थ ती वाट धरू नये, असा नाही. ती धरताना दुसरी एखादी पात्रता किंवा मिळकतीचे साधन सोबत ठेवावे, असा आहे.

६.२.४ लहान चाचणी आणि मुदत

वरील प्रश्नांची उत्तरे केवळ विचाराने मिळत नाहीत. त्यासाठी काम करून पाहावे लागते. अनुवादाचा विचार असेल, तर एखाद्या इंग्रजी माहितीपत्रकाची दोन पाने सुबोध मराठीत आणा आणि लागलेला वेळ नोंदवा. अध्यापनाचा विचार असेल, तर जवळच्या शाळेच्या परवानगीने एक पाठ घेऊन पाहा. स्पर्धा परीक्षेचा विचार असेल, तर आयोगाच्या संकेतस्थळावरील मागील वर्षाची प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. या चाचण्यांना मोठा खर्च येत नाही. पण पुढचा मोठा खर्च टळू शकतो.

चाचणीनंतर मुदत ठरवावी, आणि तीही वाट धरण्याआधी. एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची एक विद्यार्थिनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला राज्यसेवा परीक्षा द्यावीशी वाटते. घरच्यांना तिने बी.एड. करावे असे वाटते. ती असे ठरवते : नोकरी न सोडता दोन प्रयत्न द्यायचे, दुसऱ्या प्रयत्नात पूर्वपरीक्षा उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्षी बी.एड.ची प्रवेश परीक्षा द्यायची. हा निर्णय ती तारखेसह लिहून ठेवते आणि घरातील एका विश्वासू व्यक्तीला वाचायला देते.

येथे तिने आपली इच्छा सोडलेली नाही आणि घरच्यांचे म्हणणेही झिडकारलेले नाही. मुदत आधी का ठरवायची, तेही ध्यानात घ्या. चार-सहा गुणांनी संधी हुकल्यावर ‘आणखी एकच वर्ष’ असे म्हणावेसे वाटणे अगदी मानवी आहे. अशा वर्षांची बेरीज पुढे कोणालाच आठवावीशी वाटत नाही. निराशेच्या किंवा उमेदीच्या भरात घेतलेल्या निर्णयापेक्षा शांत मनाने आधी लिहिलेला निर्णय अधिक विश्वासार्ह असतो. परिस्थिती खरोखर बदलली, तर तो बदलण्याची मुभा अर्थातच आहे. मात्र बदलाचे कारणही लिहून ठेवावे.

६.३ सारांश

दिशा निश्चित नसणे स्वाभाविक आहे. मुदत नसलेली अनिश्चितता मात्र महाग पडते. मराठीच्या पदवीधराला अध्यापन, स्पर्धा परीक्षा, भाषिक व्यवसाय, प्रसारमाध्यमे व ग्रंथालये हे मार्ग खुले आहेत. प्रत्येक मार्ग रोजच्या कामाचे स्वरूप, लागणारा काळ व पैसा आणि मध्येच थांबल्यास उरणारी शिदोरी या तीन कसोट्यांवर पाहावा. लहान चाचणी घ्यावी, मुदत आधीच लिहून ठेवावी आणि मग निवडलेल्या वाटेने निर्धास्तपणे चालावे.

६.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘कामे करता करता आवड स्पष्ट होत जाते’ हे विधान एका साहित्यिकाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘मध्येच थांबावे लागल्यास हाती काय उरेल?’ हा प्रश्न महत्त्वाचा का ठरतो?
३. वाट धरण्यापूर्वी मुदत ठरवण्यामागील कारणे सांगा.

६.५ उपक्रम

तुमच्या मनात असलेले दोन मार्ग निवडा. एका कोऱ्या पानाचे दोन रकाने करा आणि विभाग ६.२.३ मधील तीनही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक मार्गासाठी लिहा. ज्या उत्तराविषयी शंका वाटेल, त्यासमोर येत्या महिन्यात घ्यावयाची चाचणी आणि तिची तारीख नोंदवा. पुढील संपर्कसत्रात हे पान सोबत आणून समंत्रकांशी चर्चा करा.