शिशुगृहातून मूल घरी नेताना : परदेशातून वऱ्हाडात येणाऱ्या पालकांसाठी

दत्तकाची वाट पाहणं लांबलचक असतं आणि मूल घ्यायला येणं मोजक्या दिवसांचं. अनिवासी भारतीय पालकांना केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या नियमांत देशातल्या पालकांच्या बरोबरीचं स्थान आहे. त्यामुळे आखातात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्याला अकोल्याचं वा अमरावतीचं मूल मिळू शकतं. तिकिटं, रजा, व्हिसा या धावपळीत शिशुगृहाची भेट सही-शिक्क्यांपुरती उरते. पण तुम्ही येण्याआधीचं मुलाचं सगळं आयुष्य त्या इमारतीत गेलेलं असतं. त्याचं बारसं, पहिलं पाऊल, पहिला ताप हे आठवणाऱ्या बायका तिथेच आहेत. मूल तर आणायचंच, त्याची गोष्टही सोबत आणायची. त्यासाठी ही कृती.

आधी काय जमवायचं

एक जाड वही. घरातल्या माणसांच्या फोटोंचा छोटा अल्बम, शक्यतो आधीच संस्थेकडे पाठवलेला, म्हणजे मुलाला सांभाळणाऱ्या मावशी तो रोज दाखवू शकतील. आईबाबांच्या आवाजातलं एखादं गाणं. तान्ह्यासाठी आईने वापरलेली मऊ सुती ओढणी. आणि कागदपत्रांच्या प्रतींचे दोन संच, दोन वेगळ्या पिशव्यांत.

कृती

१. मुक्काम जवळ ठेवा. नागपूरहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, अकोला अडीचशेच्या घरात. मुंबईहून येणाऱ्यांना अकोला मुख्य लोहमार्गावरच पडतं. अमरावतीसाठी बडनेऱ्याला उतरता येतं, आणि एप्रिल २०२५पासून बेलोऱ्याचा विमानतळही सुरू झाला आहे. सकाळी येऊन संध्याकाळी मूल घेऊन निघायचा बेत करू नका. त्याच गावात दोन-तीन दिवस राहा, म्हणजे काही विचारायचं राहिलं तर परत जाता येईल. तारीख एप्रिल-मेमध्ये आली तर भेटी सकाळी लवकर ठेवा. अकोल्याचं ऊन बाहेरून आलेल्या मोठ्यांनाही सोसत नाही.

२. कागद तिथेच तपासा. १ सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. हा आदेश, जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि आंतरदेशीय दत्तकाच्या हेग करारानुसार लागू असल्यास अनुरूपता प्रमाणपत्र हे सगळे शेजारी शेजारी ठेवा. मुलाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर अक्षर न् अक्षर सारखी आहे ना, हे बोट ठेवून वाचा. स्पेलिंगमधल्या एका अक्षराची चूक परदेशात बसून दुरुस्त करणं फार जिकिरीचं जातं. लसीकरणाचं कार्ड आणि वैद्यकीय अहवालही मागून घ्या.

३. पहिल्या भेटीत मुलाला जवळ येऊ द्या. उचलायची घाई नको. जमिनीवर बसा, अत्तर लावू नका, आवाज हळू ठेवा. शिशुगृहात सांभाळणाऱ्या बहुतेक सगळ्या बायकाच असतात. दाढीवाला, जाड आवाजाचा पुरुष मुलाने क्वचितच इतक्या जवळून पाहिलेला असतो. बाबांना पाहून ते रडलं तर मनाला लावून घेऊ नका. बाबांनी चार हात दूर बसून चेंडू नुसता गडगडवत राहावा. मूल मावशीला बिलगून बसलं तर ते चांगलं लक्षण समजा : कुणावर तरी माया करायला ते शिकलेलं आहे.

४. मावशीजवळ बसा आणि लिहून घ्या. भेटीचा सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अधीक्षिकांच्या कार्यालयात अहवाल मिळतो. रोजचं खरं माहीत असतं मावशीला. तिच्या कामाच्या वेळा विचारून, मूल खात असताना, न्हात असताना, झोपत असताना तिथे हजर राहा. दूध कोणत्या पावडरचं, किती पाण्यात किती चमचे, कोमट की गार? बाटलीच्या निपलचं भोक केवढं? भात वरणाशी कालवलेला लागतो की खिचडी? तेल कोणतं लावतात? झोपवताना थोपटतात, मांडीवर घेतात, की झोळी हलवतात? रात्री दिवा चालू असतो का? पंख्याचा आवाज, शेजारच्या पाळण्यातलं रडणं यांत झोपायची सवय झालेलं मूल हॉटेलच्या शांत, अंधाऱ्या खोलीत दचकून जागं होतं. हे आधी कळलं तर पहिल्या रात्री पंखा आणि मंद दिवा चालू ठेवता येतो.

मूल बोलतं असेल तर त्याचे शब्द त्याच्याच उच्चारात उतरवा. वऱ्हाडातलं तीन वर्षांचं पोर 'मले भूक लागली', 'पोट दुखून राह्यलं' म्हणेल, डोळ्याला 'डोया' म्हणेल. शूला, झोपेला, भीतीला त्याचा शब्द कोणता, हे विचारा. आईबाबांची मराठी पुण्या-मुंबईची असली, तरी पहिले काही महिने त्याच्या शब्दांत उत्तर द्या. भाषा सुधारायला पुढे आयुष्य पडलं आहे.

५. त्याची गोष्ट विचारा, मर्यादा पाळून. मूल संस्थेत कधी आलं, नाव कुणी ठेवलं, बारसं कसं झालं, आजारी कधी पडलं, त्याची लाडकी मैत्रीण कोण, हे सगळं विचारण्यासारखं आहे. जन्मदात्यांची ओळख मात्र कायद्याने गोपनीय आहे. मावशीला त्यासाठी गळ घालून अडचणीत आणू नका. तारखा लिहा, आणि जे अंदाजाने सांगितलं त्यापुढे 'अंदाजे' लिहा. मोठं झाल्यावर मुलाला खरी माहिती आणि ऐकीव गोष्ट वेगळी कळायला हवी.

६. फोटो परवानगीनेच काढा. पाळणा, खिडकी, अंगण, झाड, स्वयंपाकघर, आणि मावशी तयार असेल तर तिचा, असे फोटो काढा. बाकी मुलांचे चेहरे नकोत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरही ते फोटो टाकू नका.

७. पैशाचं पाकीट देऊ नका. ठरलेलं शुल्क पावती घेऊन भरा. त्यापलीकडे दत्तक घेणाऱ्या पालकांकडून रोख किंवा वस्तुरूप देणगी घ्यायला संस्थेला मनाई आहे. गैरव्यवहारांच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले. आजची सगळी शिस्त तिथून आली आहे. मुलाची किंमत मोजली गेली, अशी शंकाही त्याच्या मनाला पुढे शिवू नये. वऱ्हाडासाठी काही करावंसं वाटलं तर दत्तक न देणाऱ्या ठिकाणी करा. परतवाड्याजवळ वझ्झर इथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

८. बाकीच्या मुलांना खोटी आशा लावू नका. थोडी मोठी मुलं तुमच्याभोवती जमतील, हात धरतील, 'माहे आईबाबा कधी येतील?' असं विचारतील. 'लवकर येतील' म्हणू नका. नाव विचारा, एक खेळ खेळा आणि उत्तर संस्थेतल्या ताईंवर सोडा.

९. निरोप नीट घ्या. मूल झोपलेलं असताना उचलून नेऊ नका. काही संस्थांत औक्षण करून मूल हाती देतात. ते घाईने उरकू नका. मावशीने स्वतःच्या हाताने मूल आईच्या हाती द्यावं आणि त्याला समजेल अशा शब्दांत सांगावं की आता तू आईबाबांकडे चाललास. मावशी रडली, मूल रडलं, तर रडू द्या. ज्यावर झोपत होतं ते फडकं किंवा दुपटं न धुता मागून घ्या. ओळखीचा वास त्याला विमानातही धीर देतो.

१०. परत गेल्यावरही नातं ठेवा. परदेशी गेलेल्या मुलाचा अहवाल पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. त्याबरोबर मावशीसाठी मुलाच्या शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल चार ओळी लिहा. ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची माजी कर्णधार लिसा स्थळेकर पुण्याच्या 'श्रीवत्स' शिशुगृहातून काही आठवड्यांची असताना दत्तक गेली आणि मोठेपणी तिथे परत जाऊन आली. तुमच्याही मुलाला कधी तरी यावंसं वाटेल. अठरा पूर्ण झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी ते स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी तुमच्यासह. ही इच्छा तुमच्या प्रेमातल्या उणिवेतून येत नाही. ज्या दिवशी ते विचारेल, त्या दिवशी वही काढून द्या आणि अकोल्याचं तिकीट बघायला बसा.