डिस्क निवडा ती रिबिल्डच्या दिवसासाठी

घरच्या घरी नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायची साठवण, जोडणारे बहुतेक जण प्रोसेसर आणि रॅमवर डोकं शिणवतात आणि डिस्क मात्र त्या दिवशी स्वस्त मिळतील त्या उचलतात. खरं तर घरगुती नॅसला जुनापाना प्रोसेसरही पुरतो. रोजच्या वापरात कुठलीही डिस्क चांगलीच वाटते. फोटो उतरतात, सिनेमे चालतात. तिची परीक्षा होते शेजारची डिस्क मरते तेव्हा.

माझ्याकडे चार डिस्क रेड-५ (RAID) रचनेत होत्या. यात एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यावरची माहिती नव्या डिस्कवर पुन्हा उभी करता येते. यालाच रिबिल्ड म्हणतात. तशी एक गेली. तेवढ्याच क्षमतेची नवी आणून लावली. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने भरली तर साडेसात तासांत काम उरकायला हवं. सुरुवात ठीक झाली, मग वेग असा घसरला की उरलेला वेळ तासांऐवजी दिवसांत दिसू लागला. शेवटी सिस्टिमने ती कोरी करकरीत डिस्क नादुरुस्त ठरवून बाहेर काढली. तिच्यात बिघाड नव्हताच. ती एसएमआर प्रकारची होती. खोक्यावर तसं छापलेलं नव्हतं आणि दुकानदाराने ‘सेमच आहे हो, फक्त मॉडेल नवीन’ म्हणून दिली होती. तेवढ्या वेळात माहितीची धास्ती नव्हती ती वेगळ्या ठेवलेल्या एका बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतीमुळे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे त्यासाठीच सांगतात.

एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकड्यांत जास्त माहिती मावते, पण मधली पट्टी बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. म्हणून डिस्क आलेला माल आधी राखीव जागेत ठेवते आणि उसंत मिळाली की जागच्या जागी लावते. रिबिल्डमध्ये उसंत मिळतच नाही. सीएमआर डिस्कमध्ये पट्ट्या सुट्या असतात, हा प्रश्नच येत नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. पुढे सीएमआरसाठी ‘रेड प्लस’ हे वेगळं नाव आलं. (माझी डिस्क त्या मालिकेतली नव्हती.) बॅकअपसाठी एकटी वापरायला एसएमआर वाईट नाही. रेड-५ सारख्या रचनेत मात्र नको, फुकट मिळाली तरी.

दुसरी गोष्ट कमी लोक बघतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर डेस्कटॉपची डिस्क मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त वेळ झटत बसते, आणि तेवढ्यात रेड तिला मेलेली समजू शकतं. नॅसची डिस्क साधारण सात सेकंदांत हात टेकते आणि ती माहिती बाकीच्या डिस्ककडून घेतली जाते. इथे लवकर हरणारी डिस्कच कामाची.

चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घेऊ नका. एकाच लॉटमधल्या, सारख्याच वयाच्या डिस्क एकमेकींच्या मागोमाग जाऊ शकतात, आणि रिबिल्ड चालू असताना उरलेल्या जुन्या डिस्कवर सर्वांत जास्त ताण असतो. १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने भरायलाही बावीस तास लागतात. एवढ्या मोठ्या चार डिस्क असतील तर एकीची जागा आणखी सोडा आणि रेड-६ करा, म्हणजे दोन गेल्या तरी निभावतं. दोनच असतील तर सरळ मिरर, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर.

वापरलेली डिस्क नवी म्हणून विकण्याचे प्रकारही घडले आहेत. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत अशा डिस्क उघडकीला आल्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतले चालू तास पुसून शून्यावर आणले होते. त्यामुळे नुसते तास पाहून भागत नाही. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाका, वॉरंटी कधीपासून धरली आहे आणि ती भारतात लागू आहे का ते बघा. मग स्मार्टची लांब चाचणी पूर्ण करूनच माहिती भरा.

दुकानात ‘४ टीबी द्या’ एवढंच म्हणू नका. आधी पूर्ण मॉडेल नंबर मागा, शेवटच्या अक्षरांसकट, आणि ते मॉडेल सीएमआर आहे की एसएमआर हे तिथेच उभं राहून कंपनीच्या तक्त्यात तपासा. दुकानदार नंबर द्यायला कां-कू करत असेल तर दुसरं दुकान गाठा.